कडू नसलेलं बर्बेरिन

आमोदने खोका टीपॉयवर ठेवला तेव्हा पद्मजाबाई पेपरातलं शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी हातातला शब्द आधी पूर्ण केला, पेनाला टोपण लावलं आणि मगच खोक्याकडे पाहिलं. पिवळ्याधमक खोक्यावर एक सोनेरी ड्रॅगन कमळाला विळखा घालून बसला होता. वर ठसठशीत अक्षरांत नाव होतं, 'चिनवेद'.

"जानवं घालायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"ड्रॅगनला."

आमोद हसला. आत्या काही बोलली की हसून घ्यायचं, हे तो लहानपणीच शिकला होता. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, श्रीधरचा मुलगा. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि तिथल्या कामाचा कंटाळा आल्यावर त्याच्यासारखे इतर जे करतात तेच त्यानेही केलं होतं. लोकांच्या तब्येती सुधारायला घेतल्या होत्या.

पद्मजा केळशीकरांनी औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयात चौतीस वर्षं वनौषधी शिकवल्या होत्या. मुळं, साली, बिया, डिंक. डोळे मिटून नुसत्या वासावर त्या अस्सल आणि भेसळ वेगळी करत. लग्न केलं नव्हतं. योग्य माणूस भेटला नाही, असं नातेवाईक सांगत. जो भेटला त्याला त्यांनी पाचव्या मिनिटाला नापास केलं, हे जास्त खरं होतं. निवृत्त झाल्यावर त्या बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत राहत होत्या आणि नापास करायला आता विद्यार्थी नसल्यामुळे उरलेल्या जगाकडे वळल्या होत्या.

"आत्या, यात बर्बेरिन आहे," आमोद सांगू लागला. "चीनमध्ये हुआंगलियान नावाची एक मुळी असते, तिच्यातलं..."

"मला सांगतोयस?"

"नाही म्हणजे..."

"चीनमध्ये हुआंगलियान, आपल्याकडे दारुहळद. झाडं वेगळी, पण आतलं पिवळं अल्कलॉइड एकच. आपल्याकडे डोळे आले की रसांजन लावायचे ना, ते याच दारुहळदीचं. पोट बिघडलं की तिकडचे वैद्य ती मुळी शेकडो वर्षं देत आलेत. साखर थोडीफार उतरते, हेही खरं. बाकी तू त्या रीलमध्ये जे बडबडतोस ते तुझं स्वतःचं संशोधन असावं."

"तू रील पाहिलीस?" आमोदचा चेहरा उजळला.

"शेजारच्या शालनने दाखवली. अंगात पांढरा कोट होता तुझ्या. कुठल्या पदवीचा तो?"

"शूटिंगवाल्याचा होता," तो पडेल आवाजात म्हणाला.

मग त्याने मुद्द्याला हात घातला. माल एका व्यापाऱ्याकडून येतो. तो म्हणतो, थेट चीनमधून अर्क मागवतो. आपल्याला यातलं फारसं कळत नाही. आत्याने एकदा तपासून द्यावं. चांगलं असेल तर चांगलं म्हणावं, वाईट असेल तर तसं सांगावं. आणि चांगलं निघालं तर माहितीपत्रकावर मार्गदर्शक म्हणून तिचं नाव घालायची त्याची इच्छा आहे.

"बारावीला जीवशास्त्राला घाबरून गणित घेणाऱ्या मुलाला मी मार्गदर्शन करायचं?" पद्मजाबाईंनी खोका दोन बोटांनी उचलला, उंदीर उचलावा तसा, आणि दारामागच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "मी रद्दी तपासत नाही, आमोद. महिन्याच्या शेवटी विकते."

"उघडून तरी बघ."

"चहा घेणार आहेस की निघतोस?"

तो निघाला.

त्यानंतर दोन-अडीच महिने गेले. एका सकाळी नऊच्या सुमारास शेजारच्या उत्तरेश्वरांनी दार बडवलं. ते आणि शालन मूळचे लोणी काळभोरचे. चौकात त्यांची पिठाची गिरणी होती. शालनला बारा वर्षं मधुमेह होता, पण पथ्य आणि गोळ्या वेळच्या वेळी, त्यामुळे कधी तक्रार नव्हती.

"म्याडम, जरा या. ही काहीतरीच बडबडायला लागलीय."

शालन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती. पडताना उजवा हात अंगाखाली आला होता आणि मनगट बघताबघता सुजत होतं. तिला त्याचं भानच नव्हतं. पातळ घामाने चिंब. पद्मजाबाईंना ती "आक्का, म्हशी सुटल्या" असं काहीतरी सांगत होती. पद्मजाबाईंनी साखरेचा डबा काढला, चिमूटभर साखर पाण्यात कालवून तिच्या गालाच्या आतून चोळली, पुन्हा चोळली, आणि उत्तरेश्वरांना तिचं साखर मोजायचं यंत्र आणायला सांगितलं. आकडा आला एक्केचाळीस.

दवाखान्यात सलाईनमधून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली. मनगटाला प्लास्टर घातलं. पण दोन तासांनी साखर पुन्हा घसरली. संध्याकाळी तिसऱ्यांदा. तरुण डॉक्टर बुचकळ्यात पडला. "काकू, गोळ्या चुकून दुप्पट घेतल्या का?"

"न्हाई वो. येकच घेते. आन त्या ह्यांच्या पिवळ्या." शालनने डाव्या हाताने पद्मजाबाईंकडे बोट दाखवलं.

"माझ्या?"

"चिनवेद. महिना झाला की. तुमचं नाव व्हतं आतल्या कागदावर. म्हनलं, म्याडमच्या घरचंच हाय, मग काय बघायचं."

उत्तरेश्वर घरी जाऊन खोका घेऊन आले. आत चकचकीत कागद होता. आमोदचा हसरा फोटो, ड्रॅगन, कमळ आणि खाली ओळ: 'मार्गदर्शन: प्रा. डॉ. पद्मजा केळशीकर, ज्येष्ठ वनौषधीतज्ज्ञ'.

पद्मजाबाईंनी ती ओळ वाचली. त्यांना पहिल्यांदा राग आला तो 'ज्येष्ठ'चा. आपल्याला राग कशाचा आला हे लक्षात आल्यावर त्यांनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

बर्बेरिनने एवढं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ते घेऊ नये, साखर जास्त उतरू शकते, हेही खरं. पण ग्लुकोज चढवल्यावरही साखर दिवसभर पुन्हापुन्हा आपटत राहावी, हे कुठल्या मुळीचं काम वाटत नव्हतं.

दवाखान्याच्या बाकावरच त्यांनी एक कॅप्सूल उघडली आणि पिवळी पूड जिभेवर ठेवली.

कडू नव्हती.

बर्बेरिनचा एक कण जिभेला लागला तर माणूस अर्धा तास तोंड वाकडं करून बसतो. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला त्या दारुहळदीचा तुकडा चाखायला लावत. पुस्तकातलं सगळं विसरेल पण हे विसरणार नाही, असं म्हणत. ही पूड मात्र मातकट लागत होती. वरणासारखी.

"उत्तरेश्वर, तुमच्याकडे चुना असेल?"

उत्तरेश्वरांनी संकोचत खिशातून तंबाखूची डबी काढली. पद्मजाबाईंनी पर्समधलं माहितीपत्रक काढून त्याच्या कोपऱ्यावर थोडी पूड घेतली, वर बोटभर चुना चोळला आणि पाण्याचा थेंब सोडला. पूड बघताबघता लालभडक झाली. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे उत्तरेश्वरांना कुठल्या महाविद्यालयात शिकावं लागलं नव्हतं.

"हळद हाय ही," ते म्हणाले. "चांगला चुना लावला म्हनायचा तुमच्या पोरानं."

पण निव्वळ हळदीने साखर एक्केचाळीसवर येत नाही. पुडीत आणखी काहीतरी होतं. त्यांचा जुना विद्यार्थी केदार याची स्वतःची तपासणी प्रयोगशाळा होती. त्याच्याकडे शालनचा खोका दिला, आणि घरी गेल्यावर रद्दीवरचा खोकाही पाठवला. रद्दीवाला मध्ये दोनदा येऊन गेला होता. गठ्ठा उचलताना दोन्ही वेळा तो खोका बाजूला ठेवून गेला होता. पुठ्ठा मेणचट आहे, चालत नाही, म्हणाला होता.

चार दिवसांनी केदारचा फोन आला. "मॅडम, हळद आहे, मक्याचं पीठ आहे, आणि मधुमेहाची एक जुनी, स्वस्त गोळी कुटून घातली आहे. चिठ्ठीशिवाय मिळू नये अशी. ढवळलंसुद्धा नीट नाही. एका कॅप्सूलमध्ये जवळजवळ काही नाही, दुसरीत दोन गोळ्यांइतकं."

"दोन्ही खोक्यांत?"

"दोन्ही."

"आणि बर्बेरिन?"

"औषधालासुद्धा नाही, मॅडम."

शनिवारी त्या हिंजवडीला गेल्या. बिबवेवाडीहून तिथे पोचायला त्यांना दोन तास लागले, त्यातला एक तास कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे. आमोद एकोणिसाव्या मजल्यावर राहत होता. दार उघडल्यावर "आत्या, तू?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. दिवाणखान्यात भिंतीला लागून पिवळ्या खोक्यांची चळत होती. सोफ्यावर श्रीधर बसला होता, सकाळचा तिसरा चहा घेत.

पद्मजाबाईंनी बसायच्या आधी केदारचा अहवाल टेबलावर ठेवला आणि जे घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. चारही वाक्यं ऐकवत नव्हती.

आमोदने अहवाल वाचला. परत पहिल्यापासून वाचला. "पण मी स्वतः रोज दोन घेतो," तो म्हणाला.

"मग काय होतं?"

"दुपारी हात थरथरतात. घाम येतो. मला वाटलं, शरीरातली घाण बाहेर पडतेय."

"घाण बाहेरून आत चालली होती, आमोद. तू बर्बेरिन विकत होतास. ते कडू असतं, एवढंही तुला माहीत नव्हतं?"

"कॅप्सूल गिळतात ना. चव कशी कळणार?"

पद्मजाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पेपर तपासताना एखाद्या उत्तराला शून्य देण्याचीही तसदी घेऊ नये, नुसती रेघ मारावी, तसं. "आणि माझं नाव? ते मी कधी दिलं होतं?"

आमोदने वडिलांकडे पाहिलं. श्रीधरने कप खाली ठेवला.

"मी सांगितलं त्याला, घाल म्हणून," तो म्हणाला. "तू काय बघणार होतीस? असल्या गोष्टींकडे तू ढुंकून बघत नाहीस. आम्हा सगळ्यांना माहीत आहे ते. तुझ्या हातात खोका दिला तरी तू उघडणार नाहीस, म्हटलं."

"आणि उघडलाही नाहीस," आमोद म्हणाला.

त्याचा आवाज चढला नव्हता. हसतही नव्हता, आणि आत्यासमोर तो हसत नाही असं पहिल्यांदाच होत होतं. "आत्या, माझं चुकलं. सगळंच चुकलं. पण मी तुझ्याकडे आलो होतो. वाईट असेल तर सांग, असं म्हणालो होतो. तुझ्या घरात तो खोका अडीच महिने पडला होता. एक कॅप्सूल फोडून जिभेला लावायला तुला किती वेळ लागला असता?"

पद्मजाबाईंना उत्तर सुचलं होतं. त्यांना उत्तर नेहमी सुचत असे, आणि हेही चांगलं होतं, आमोद आणि श्रीधर दोघांनाही एका वारात आडवं करणारं. ते त्यांनी गिळलं. दवाखान्यात शालनने बोट दाखवलं, तो डावा हात त्यांना आठवला. एक मिनिट लागलं असतं. कदाचित तेवढंही नाही.

"व्यापाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहून दे," त्या म्हणाल्या. "आणि कोणाकोणाला विकलंस त्याची यादी. मी औषध प्रशासनाकडे तक्रार करणार आहे. तुझ्याविरुद्धही."

"सख्ख्या भाच्याविरुद्ध?" श्रीधर उठून उभा राहिला. "लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते ऐकायला आपण त्यांना जिवंत ठेवायला हवं, श्रीधर. बस खाली."

तक्रार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. नाव परवानगीशिवाय वापरलं, हे लिहिलं. त्याखाली, अमुक तारखेला नमुना माझ्याकडे तपासणीसाठी आणून दिला होता, तो मी तपासला नाही, हेही लिहिलं. तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते वाक्य दोनदा वाचलं. "मॅडम, हे नसलं तरी चालेल."

"मला चालणार नाही," त्या म्हणाल्या.

व्यापाऱ्याचं गोदाम आठवड्यात सील झालं. चीनमधला अर्क तिथे नव्हता. हळदीची पोती आणि पीठ ढवळायचं एक गंजकं यंत्र होतं. आमोदवर खटला भरला गेला. नोकरीच्या ठिकाणी त्याने स्वतःच सांगून टाकलं. श्रीधरने बहिणीशी बोलणं सोडलं. पद्मजाबाईंना त्याचं बोलणं पूर्वीही विशेष वाटत नसे, तरी रविवारी अकरा वाजता फोन वाजला नाही की त्या घड्याळाकडे बघत.

शालनने त्यांना माफ केलं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. सहा आठवडे तिला भाकरी थापता येणार नव्हती. पद्मजाबाई रोज पोळ्या करून घेऊन जात. शालन पोळी उजेडाकडे धरून बघे.

"म्याडम, शिकवलं कुनी तुमाला?"

"कुणी नाही."

"दिसतंयच," शालन म्हणे आणि खाई.

राहिली यादी. एकशे त्रेचाळीस घरं. प्रशासनाने नोटीस काढली होती, आमोदने सगळ्यांना मेसेज पाठवले होते, पण लोक मेसेज वाचतात म्हणून तसं थोडेच वागतात. आमोद एकटाच घरोघर फिरू लागला. दुसऱ्या रविवारी तो बिबवेवाडीत आला तेव्हा पद्मजाबाई खाली त्याच्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "कागदावर नाव माझं आहे," एवढंच म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या.

खोके परत मिळवणं किती अवघड आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. लोक रागावत नव्हते. लोकांना ते द्यायचेच नव्हते. साखर उतरली होती ना! एका बाईंनी दार अर्धवट उघडं ठेवून सांगितलं की तुमच्या औषधाने मला गुण आलाय, आता तुम्ही मागे घेऊ नका. एका तरुणाने विचारलं, यात खरी गोळी आहे म्हणजे उलट चांगलंच नाही का? पद्मजाबाईंनी त्याला जे म्हटलं ते ऐकून आमोदने पुढच्या घराच्या आधी, जिन्यातच थांबून, पुन्हा असं बोलू नकोस म्हणून विनवलं.

"मूर्ख आहेत," त्या म्हणाल्या.

"असतील. पण खोके त्यांच्याकडे आहेत."

त्या दिवशीचं शेवटून तिसरं घर सरपोतदारांचं. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अंगात इस्त्रीचा झब्बा. त्यांनी दोघांना आत घेतलं, पंखा लावला आणि सांगितलं, "देणार नाही."

"त्यात भेसळ आहे," आमोद म्हणाला.

"हे तुम्ही म्हणता. आधी म्हणत होतात, पाच हजार वर्षांचं ज्ञान आहे. तेव्हाही तुम्हीच म्हणत होतात." मग ते पद्मजाबाईंकडे वळले. "आणि आपण? कागदावर आपलंच नाव आहे ना? मग आता शब्द फिरवायला औषध कंपन्यांनी काय देऊ केलं आपल्याला?"

आमोदने डोळे मिटून घेतले. पण पद्मजाबाई सोफ्यावर सरकून नीट बसल्या.

"सरपोतदार, पहिल्यापासून सांगते," त्या म्हणाल्या. "दारुहळद म्हणजे काय, इथून."

आणि त्यांनी सांगितलं. झाड कुठलं, मुळी कशी, आतला कडू पदार्थ कोणता, तो कशाला चालतो आणि कशाला नाही. मग पुडीत काय सापडलं ते. मग शालनचं. तिचं नाव न घेता, पण म्हशींचं बोलणं, घाम, मनगट, सगळं. आवाज एकदाही चढवला नाही. पाऊण तास लागला. सरपोतदार शांतपणे ऐकत होते. मध्येच त्यांनी चष्मा पुसला.

"पटलं," ते शेवटी म्हणाले. उठले, कपाटातून एक खोका आणला. "यातल्या अर्ध्या देतो."

आमोद उठायला लागला. "चल, आत्या."

"बस," पद्मजाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सरपोतदारांच्या पत्नी, विमलाबाई, बाहेर आल्या. मघापासून त्या पदराला हात पुसत आतूनच ऐकत असाव्यात. त्यांच्या हातात आणखी तीन खोके होते. ते त्यांनी आमोदच्या मांडीवर ठेवले आणि नवऱ्याच्या हातातला चौथा ओढून घेतला.

"अगं, माझ्या साखरेचं..." सरपोतदार म्हणाले.

"यांना साखर नाहीच आहे," विमलाबाई पद्मजाबाईंना म्हणाल्या. "खालचे कुलकर्णी घेतात, म्हणून हे घेतात. साखर मला आहे. वीस वर्षं. दोन महिन्यांत एकदा तरी विचारलं का, तू घेतेस का म्हणून?"

"बरं झालं नाही विचारलं," पद्मजाबाई म्हणाल्या.

"ते आता कळलं हो," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, झब्ब्याच्या इस्त्रीपासून खाली चपलांपर्यंत, सावकाश. "चहा टाकते. यांच्याशिवाय तिघांचा."